उत्तममामांचं बंदर

उत्तममामा कुणाच्याही घरी गेले की आधी चादर बघत. बसा म्हटलं की कॉटच्या कडेला टेकत, चादरीचं टोक अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये धरून जरा चोळत, आणि मगच बोलायला लागत. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी बारावीत होते. वडिलांचं रेल्वेचं तिकीट द्यायला आले होते. चहा येईपर्यंत त्यांनी चादर चोळली आणि आईला म्हणाले, "ताई, ह्या चादरीवर कुणीतरी झोपायलं न्हाई. नुसतं कूस बदलायलंय."

आईनं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी कप खाली ठेवला. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या कामगारांच्या बाजूनं उभं राहिल्याबद्दल त्यांना नोकरीवरून काढण्याची नोटीस आली होती, आणि ती त्यांनी पंधरा दिवस घरात कुणाला दाखवली नव्हती. त्या संध्याकाळी ती बाहेर आली.

मामा मूळचे पोखर्णीच्या बाजूचे. आमच्यासारखेच बौद्ध, घरी जमिनीचा तुकडा नाही. तरुणपणी मुंबईला एका हॉटेलच्या लाँड्रीत लागले आणि तिथून परदेशी प्रवासी जहाजावर गेले. पुढची बावीस वर्षं त्यांनी जहाजाच्या पोटात चादरी, टॉवेल आणि उशांचे अभ्रे धुतले. कायमचे परत आले तेव्हा मानवतला बसस्टँडजवळ त्यांनी एक गाळा घेतला. रेल्वेची तिकिटं, पासपोर्टचे अर्ज, पिकविम्याचे फॉर्म. पाटीवर लिहिलं होतं : रेल्वे, विमान, बोट. तिसऱ्या शब्दाला लोक हसायचे. मानवतात कापूस येतो, सोयाबीन येतं. बोट कुठून येणार?

काही जणांचं हसणं नुसतं हसणं नसायचं. एका अडत दुकानदारानं माझ्यासमोर त्यांना विचारलं होतं, "काय उत्तमराव, सारं जग फिरलात म्हणं, अन् धुणंच धुऊन आलात?"

मामा शांतपणे म्हणाले, "धुणं तर तुमच्या घरी बी निघतंच की शेठ. फरक इतकाच, मी धुतो अन् तुमी धुऊन घेता."

पण गेल्या काही वर्षांत पाटीवरच्या तिसऱ्या शब्दालाही गिऱ्हाईक यायला लागलं. निवृत्त मास्तर, डॉक्टर, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलांनी पाठवलेली जोडपी. फोनवर जाहिरात बघून येत आणि बोटीवर काय काय आहे ते मामांनाच सांगत. पोहण्याचा तलाव आहे, नाच आहे, चार वेळा जेवण आहे. मामा ऐकून घेत. मग म्हणत, "ते बोटीचं झालं. बंदर कोणतं घ्यायचं ते बोला."

आमच्या शाळेचे देशमुख सर आले होते तेव्हा मी तिथेच बसले होते. सर म्हणाले, "बंदराचं काय त्यात? जिथून सुटते तिथून बसायचं."

"असं न्हाई सर. बंदर म्हणजे उंबरा. उंबऱ्यातच माणूस दमलं तर आत पंगत कितीबी मोठी असू द्या, घास उतरत न्हाई."

"मग मुंबई सांगा. जवळ पडते."

"जवळ कुटं? परभणी जिल्ह्याला सगळे समुद्र सारखेच लांब हायेत. म्हणून तर आपल्याला निवडायला मोकळीक हाय. मुंबईला गाडी सरळ जाती, भाषा आपली, काई दुखलं-खुपलं तर आपली माणसं. ही झाली जमेची बाजू. खोट अशी की गाडी पहाटं उतरवती अन् बोटीवर घेत्यात दुपारी. तवर सामान घेऊन कुटं बसणार?"

"भाचा आहे ना माझा ठाण्याला."

"तीच ती खोट! भाच्याकडं गेलात की सूनबाई जेवल्याबिगर सोडणार न्हाई. अन् बोट कुणाच्या जेवणासाठी थांबत न्हाई."

गोव्याची जमेची बाजू त्यांच्या मते अशी की रेल्वे स्टेशनावर उतरलं की बंदर लागूनच. खोट ही की आपल्याकडून जाताना गाडी बदलावी लागते, आणि एकदा गोव्यात पोचल्यावर मंडळी म्हणतात, आलोच आहोत तर इथंच राहू, बोट कशाला? सिंगापूरचं बंदर गुळगुळीत, पण विमानाचा शीण. हे त्यांना कसं ठाऊक? चादरींवरून. विमानाचा लांबचा प्रवास करून आलेल्यांच्या चादरी पहिल्याच दुपारी चुरगळून खाली येत. जवळून आलेल्यांच्या चादरी रात्रीपर्यंत कोऱ्या राहत, पण अभ्र्याला घरच्या लोणच्याचं तेल असे. "माणूस किती लांबून येऊन चढला ते मी तोंड न बघता सांगायचो," मामा म्हणत.

देशमुख सर मुंबईहूनच गेले. परत आल्यावर पेढे घेऊन गाळ्यात आले, मामांच्या हातावर पेढा ठेवला. मग हळूच म्हणाले, "सूनबाईनं थालीपीठं लावली होती. आम्ही शेवटून दुसरे चढलो."

मला या सगळ्या प्रकाराचा राग यायचा. आमच्या घरी सतरंजीखाली कामगारांच्या पत्रकांचे गठ्ठे असत; मी अक्षरं ओळखायला शिकले तीच पत्रकांवरून. चार वेळा जेवणारे वर आणि त्यांचे अभ्रे धुणारे खाली, असं तरंगणारं गाव पैसे भरून बघायला जायचं, आणि त्याची तिकिटं खालच्या माणसानंच काढून द्यायची? मी हे मामांना तोंडावर म्हणायचे. ते म्हणायचे, "गाव जमिनीवरचं बी असंच हाय की, पोरी. तिथं तर तिकीट बी लागत न्हाई."

त्यांच्या बायकोला, कमलमामींना, काचबिंदू झाल्याचं कळलं ते याच काळात. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी आहे ती जितकी टिकेल तितकी टिकेल. मामींची नजर कडेकडून जात होती. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. त्या म्हणायच्या, "बांगडीतून बघितल्यावाणी दिसतंय. अन् बांगडी दर साली बारीक व्हायलीय."

मामा नव्हते तेव्हा याच बाईनं बावीस वर्षं दोन मुली वाढवल्या, सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं, मजुरीला गेली. नवऱ्याकडे तिनं कधी काही मागितल्याचं कुणाला आठवत नाही. काचबिंदू झाल्यावर एकच गोष्ट मागितली, "तुमी इतकी वर्सं जिथं होतात ते मला एकदा दाखवा. बंदरातून बोट कशी सुटती ते बघायचंय. डोळं हायेत तवर."

मामा लगेच हो म्हणाले. आणि मग बंदर ठरवायला बसले.

एक वही केली. पानाच्या डाव्या बाजूला जमेच्या बाजू, उजव्या बाजूला खोट. मुंबई : गाडी सरळ, पण गर्दीत कमलला बाजूचं दिसत नाही, कुणाचा धक्का लागला तर? गोवा : स्टेशन जवळ; पण ती बोट सुटते दिवेलागणीनंतर, अंधारात तिला काय दिसणार? चेन्नई : गाडीची सोय बरी, पण बंदर सुटल्याबरोबर मोकळं पाणी, बघायला काही जवळ नाही. कोची : लांब, दोन रात्री गाडीत, भाषा कळत नाही. सिंगापूर : विमानात थेंब वेळेवर घालता येतील का? एका बंदराचं पान भरलं की दुसरं. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. देशमुख सरांचं बंदर अर्ध्या तासात ठरवणारा माणूस स्वतःच्या बायकोचं बंदर दोन वर्षं ठरवत होता.

एकदा मी गाळ्यात असताना मामी डबा घेऊन आल्या. पायरी उतरताना भिंतीला हात लावून उतरल्या. आदल्या वर्षी त्यांना हात लावावा लागत नव्हता. मामांसमोरची वही त्यांनी बघितली.

"कोणतं बंदर चाललंय आज?"

"चेन्नईचं परत बघायलो."

"बघा, बघा. तुमचं बंदर ठरंपर्यंत माझे डोळं मिटतील. मग कोणतं बी चालंल. अंधार सगळीकडं सारखाच." डबा ठेवून त्या निघून गेल्या. मामांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

मला वाटलं, हा माणूस घाबरट आहे. किंवा कंजूष. किंवा नवरा आहे, म्हणजे बायकोची इच्छा शेवटी ठेवणारा. हे तिन्ही मी मनात म्हटलं, आणि चौथ्या दिवशी एक पत्रक लिहून त्यांच्याकडे घेऊन गेले. प्रवासी जहाजांवरच्या कामगारांबद्दल होतं. मामांनी वेळोवेळी सांगितलेलं सगळं त्यात होतं : जहाज निघतानाचा थाट, वरच्या मजल्यावरचा बँड, हात हलवणारे लोक, दूर जाणारा किनारा आणि खाली राबणारे हात. मला ते फार जमलंय असं वाटत होतं.

मामांनी चष्मा लावून वाचलं. संपल्यावर विचारलं, "ह्यातलं तू काय बघितलंस?"

"मी कुठं बघणार? तुम्ही सांगितलंत ते लिहिलंय."

"अन् मी काय बघितलं?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पत्रक टेबलावर ठेवलं. "बाई, बोट सुटताना मी एकदा बी वर नव्हतो."

मग त्यांनी सांगितलं. ज्या बंदरातून प्रवास सुरू होतो तिथे सकाळी जुने प्रवासी उतरतात आणि दुपारी नवे चढतात. मधल्या चार-पाच तासांत सगळ्या खोल्यांच्या चादरी, सगळे टॉवेल, सगळे अभ्रे खाली येतात आणि धुतलेले वर जातात. लाँड्रीवाल्याला त्या दिवशी डोकं वर काढायला फुरसत नसते. वाटेतल्या बंदरांवर कधी दोन तास सुट्टी मिळायची. तिथे त्यांनी रस्ते बघितले, घरी फोन केले, मुलींसाठी रिबिनी घेतल्या. पण जिथून बोट सुटते ते बंदर कधीच दिसायचं नाही. बार्सिलोनाहून ते एक अख्खा हंगाम दर आठवड्याला निघाले. बार्सिलोना त्यांनी बघितलेलं नाही.

"मग निघालो हे कळायचं कसं?"

"तळपायाला. लादी थरथरायची. अन् मशिनीतलं पाणी एका अंगाला कलायचं. काचंतून दिसायचं ते. पाणी कललं की आमी म्हणायचो, सुटली."

"आणि बँड? किनारा?"

"ते वरून आलेले पोरं सांगायचे. मी तुमाला सांगितलं. तू लिहिलंस." त्यांनी पत्रक माझ्याकडे सरकवलं. "सरांना ऐकीव बंदर सांगितलं तर चालतं. लई झालं तर थालीपीठ खाऊन उशीर व्हतो. पर हिला एकदाच बघायचंय. एकदाच, पोरी. ऐकीव बंदरावर हिला कसं नेऊ?"

बावीस वर्षं ज्यानं हजारो माणसांना निर्मळ चादरीवर निजवून समुद्रात धाडलं, त्याला एकही किनारा मागे सरकताना दिसला नाही. मला याची चीड आली, आजही येते. त्या व्यवस्थेला मी माफ केलेलं नाही, आणि करणार नाही. पण त्या दिवशी मला स्वतःचीही लाज वाटली. समोर बसलेल्या माणसाला मी चार दिवस मनात घाबरट म्हणत होते, आणि त्याच्या तोंडून ऐकलेला बँड मात्र माझ्या कागदावर वाजत होता. मी विचारलं, "मग आता?"

"आता बघून येतो," मामा म्हणाले.

गाळा बंद करून ते कोचीला एकटे गेले. कोचीच का, तर त्यांच्याबरोबर काम केलेला जोसेफ तिथला. त्यानं फोनवर सांगितलं होतं की तिथं बोट दोन किनाऱ्यांच्या मधून, अगदी जवळून जाते, आणि काही बोटी दुपारच्या उन्हात सुटतात. मामांनी जोसेफचं सांगणंही ऐकीवच धरलं. दोन दिवस किनाऱ्यावर उभे राहिले. एक बोट सुटताना त्यांनी बघितली; बोटीवर नव्हे, जमिनीवर उभं राहून. आयुष्यातली पहिली.

आठवड्यानं परतले ते उन्हानं काळे होऊन. वही न उघडता मामींना सांगितलं, "स्टेशनापासून बंदर रिक्षानं जवळ. चढायला उतार हाय, पायऱ्या थोड्या, अन् धरायला दांडी दोन्हीकडून. बोट सुटली की डाव्या अंगाला उभं ऱ्हायचं. जुनं गाव लागतं, झाडं लागतात, मासे धरायच्या मोठाल्या जाळ्या लागतात, इतक्या जवळ की जाळीवाल्याच्या अंगावरचा सदरा दिसतो. तुझ्या बांगडीत मावंल येवढं जवळ."

"अन् खोट?" मामींनी विचारलं. त्यांनाही आता सवय झाली होती.

"लांब हाय. लई लांब. पर लांबचा तरास पाठीला व्हतो, डोळ्याला न्हाई."

ते दोघं गेले. मी परभणी स्टेशनपर्यंत सोडायला गेले होते. मामींनी नवं लुगडं नेसलं होतं, आणि मामांच्या हातात भाकरी-चटणीचं एवढं मोठं गाठोडं होतं की जणू बोटीवरच्या चार जेवणांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

परत आल्यावर मामांनी धंद्याची पद्धत बदलली. कुणी आलं की आधीच सांगत, "मी बघितलेलं बंदर एकच. बाकीचं ऐकीव हाय, पटलं तर घ्या." काही गिऱ्हाइकं यामुळे गेली. परभणीत चकचकीत ऑफिसं होती, तिथे सगळी बंदरं बघितल्यासारखी सांगत. मामांना फिकीर नव्हती. मी पत्रक फाडलं आणि पुन्हा लिहिलं. त्याचं पहिलं वाक्य होतं : मी जहाज पाहिलेलं नाही, ज्यानं बावीस वर्षं जहाजावर काम केलं त्यालाही ते सुटताना पाहू दिलं गेलं नाही. ते पत्रक आधीच्यापेक्षा निम्मंच भरलं. वडील म्हणाले, हे तू लिहिलेलं पहिलं खरं पत्रक.

मामा यंदाच्या उन्हाळ्यात गेले. गाळ्यात बसल्या बसल्या, एका मुलीचा पासपोर्टचा अर्ज भरता भरता. मामींची नजर तोवर जवळजवळ संपली होती. उजेड कुठून येतो इतकंच कळायचं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मामांच्या मूळ गावातल्या विहारासमोर मांडव घालून झाला. वंदना झाली, मग लोक बोलायला उठले. देशमुख सर म्हणाले, जग पाहिलेला माणूस गेला. सरपंच म्हणाले, आपल्या गावाच्या पोरानं सातासमुद्राचं दर्शन घेतलं. सगळे एकामागून एक तेच बोलले. शेवटी धाकट्या मुलीनं मामींना हाताला धरून उभं केलं. माईक त्यांच्या हातात दिला तर त्यांनी तो बाजूला केला.

"तुमी सगळे चांगलं बोललात," त्या म्हणाल्या, "पर ते खरं न्हाई. त्यांनी जग बघितलं न्हाई. त्यांना कुणी बघूच दिलं न्हाई. आमी दोघांनी एक बंदर बघितलं, तेवढं सांगते."

त्यांनी मुलीचा हात सोडला.

"बोटीचा भोंगा वाजला तसे हे निघाले. जिन्याकडं. मी म्हटलं, कुटं? तर त्यांनाच ठावं न्हाई. पायच खाली निघालते. मी बाही धरली. म्हटलं, आज चादरी दुसरं कुणी बघंल, तुमी हितं उभं ऱ्हावा. तवा उभं राहिले. मग किनारा हालायला लागला. मला समोरचं दिसायचं तेवढं मी बघायची. जाळी दिसली. एक बाई वाळू घातलेलं पातळ काढायली होती, ती दिसली. तिनं आमाला हात केला. बाजूचं मला दिसत न्हाई, तर डावीकडं काय, उजवीकडं काय, ते हे सांगायले. आता झाड आलं, आता मशीद आली, आता पोरं पाण्यात उड्या मारायलेत. बोलता बोलता गप झाले. मी म्हटलं, सांगा की, काय आलं? तर म्हणले, थांब जरा. मला बी बघू दे."

आणि त्या खाली बसल्या.